खालच्या खोलीतलं इंजिन

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि घरातल्या विमानाची पंचाईत झाली.

विमान खालच्या खोलीत होतं. खरं विमान नव्हे. एक जड खुर्ची, तिच्यासमोर भिंतभर पसरलेला वक्र पडदा, खुर्चीत बसलं की दोन गुडघ्यांमध्ये येणारी काठी, पायांशी दोन पेडल आणि डाव्या हाताला सुनेनं स्वतः ठोकून केलेली एक लाकडी पेटी. पेटीवर तीन तरफा आणि ओळीनं खटके. या सगळ्याला संगणक जोडला की पडद्यावर जुन्या जमान्यातलं, एका पंख्याचं लढाऊ विमान उभं राहायचं. दर रविवारी दुपारी जेवणं उरकली की सून त्या खुर्चीत बसायची. तिच्यासारखीच हौशी माणसं आपापल्या घरांतून, आपापल्या खुर्च्यांतून एकाच आभाळात जमायची आणि संध्याकाळपर्यंत लढायची.

डॉक्टरांनी जिना चढायचा नाही म्हणून बजावलं, तेव्हा सासूबाईंच्या मुलानं त्यांची खाट वरून खाली आणली आणि विमानाला खेटून लावली. दुसरी जागाच नव्हती.

सासूबाई आणि सून, दोघींचं इतक्या वर्षांत एकदाही वाजलं नव्हतं. नातेवाईक कौतुक करायचे. पण खरी गोष्ट अशी होती की दोघी एकमेकींशी पाहुण्यांसारख्या वागत होत्या. "आई, तुम्हाला चालेल ना?" "तुला जसं बरं वाटेल तसं." घरात पडदे कुठले लावायचे हा प्रश्न असल्या बोलण्यापायी वर्षभर लोंबकळला होता. शेवटी मुलानंच वैतागून कुठलेतरी आणून टांगले होते, आणि ते दोघींनाही आवडले नव्हते.

तर खाली आल्यावर पहिले काही रविवार सासूबाई दुपारी छान झोपल्या. खोलीत चिटपाखरू नसायचं. एके दिवशी मुलगा चादर बदलता बदलता म्हणाला, "तुझ्यामुळे बिचारीचं उडणं बंद झालंय."

मुलगा एका मोठ्या हॉटेलात मुख्य आचारी होता. रविवारी त्याला मान वर करायला फुरसत नसायची, त्यामुळे बायको दुपारभर काय करते याची त्याला फारशी झळ पोचत नसे.

"माझ्यामुळे? मी काय तिचे पंख धरून बसलेय का?" सासूबाई म्हणाल्या. "तिनं मला सांगायचं नाही का?"

"ती सांगणार नाही आणि तू विचारणार नाहीस. तुमचं तुम्ही बघा."

पुढच्या रविवारी सासूबाईंनी स्वतःच विषय काढला. सून आधी नको नको म्हणाली, मग "अगदीच तुमची हरकत नसेल तर" म्हणाली, आणि मग इतक्या चपळाईनं खुर्चीत जाऊन बसली की सासूबाईंना हसू दाबावं लागलं.

सुनेनं कानांवर हेडफोन चढवला. सासूबाईंना त्रास नको म्हणून आवाज सगळा त्याच्यात. खोलीत शांतता, आणि त्या शांततेत सून एकटीच पुटपुटतेय, दात खातेय, मधेच "मागे बघ, मागे!" म्हणून ओरडतेय. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासणारी, "आता हे अक्षर स्पष्ट दिसतंय का, की आधीचं?" असं न कंटाळता शंभरदा विचारणारी ही बाई. तिचं हे रूप सासूबाई पहिल्यांदाच बघत होत्या.

"अगं," त्या थोड्या वेळानं म्हणाल्या, "ते कानावरचं काढ बाई. आवाजाचं चालेल मला. पण माणूस असं एकटं बडबडताना बघवत नाही."

मग आवाज खोलीत आला. खालच्या पट्टीतला, भरदार, घुमणारा आवाज. खाटेची लोखंडी दांडी त्यानं हलकेच थरथरत होती. सासूबाईंना तो लगेच आवडला. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेली होती, माणसं हातानं लाईन जोडून द्यायची त्या काळात. कानावर फोन, समोर दिव्यांचा फळा. कुठला दिवा लागला हे न बघता हात बरोबर त्या भोकाकडे जायचा, आणि लाईनवरच्या खरखरीवरून कळायचं की पलीकडे पाऊस आहे का तार सैल आहे.

सून तिकडे कुणाच्या तरी मागे लागली होती. आवाज चढत गेला. चढलेल्या आवाजात कुठेतरी एक बारीक कापरी शीळ मिसळली.

"आवाज बदलला गं त्याचा," सासूबाई म्हणाल्या.

"हो, हो," सून म्हणाली. म्हणजे तिनं ऐकलं नव्हतं.

थोड्याच वेळात धाडकन आवाज झाला, काचेवर काळं तेल पसरलं आणि पंखा थांबला. विमान समुद्रात पडलं. सुनेनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. मग मागे सासूबाई आहेत हे आठवून हात खाली घेतले आणि कसनुसं हसली.

"कुणी पाडलं?" सासूबाईंनी विचारलं.

"कुणी नाही. इंजिन गेलं."

"आपलं आपणच?"

"माझ्यामुळेच. नेहमी तेच होतं माझं. शत्रूनं मला आजवर फारसं पाडलेलं नाही, आई. मीच माझी इंजिनं जाळते."

मग तिनं सगळं सांगितलं. तिच्या गटाचा नियम असा होता की एका हंगामात प्रत्येकाला तीनच इंजिनं मिळतात. आजच्या उड्डाणात इंजिन जितकं झिजेल, तितकं झिजलेलंच पुढच्या रविवारी मिळतं. तिसरं जळलं की पुढच्या हंगामापर्यंत घरी बसायचं. सुनेचं हे दुसरं गेलं होतं. आणि हंगाम अजून बराच शिल्लक होता.

"मग जरा दमानं घ्यावं," सासूबाई म्हणाल्या.

"समोर बघू, मागे बघू, का काटे बघू?" सून म्हणाली. "लढताना काट्यांकडे लक्षच राहत नाही."

 पुढच्या रविवारी सून जेवणं उरकून खोलीत आली तेव्हा सासूबाई खाटेवर नव्हत्या. पेटीच्या शेजारी एक पाठीची खुर्ची ओढून, दुखरा पाय स्टुलावर ठेवून त्या बसल्या होत्या.

"काटे मी बघते," त्या म्हणाल्या. "तुला चालणार असेल तर."

सुनेनं त्यांना काटे ओळखून दिले. हा तेलाच्या दाबाचा, हा तेल किती तापलंय त्याचा, हा इंजिनातल्या पाण्याचा. पहिली तरफ ताकदीची. तिच्या टोकाला एक खाच होती. खाचेपलीकडे ढकलली की जीव वाचवण्यापुरती जादा ताकद मिळायची, पण तिथे जास्त वेळ राहिलं की इंजिन हमखास जायचं. दुसरी तरफ पंख्याच्या फेऱ्यांची. तिसरी रेडिएटरच्या झडपेची. झडप उघडली की वारा आत शिरतो आणि पाणी थंड होतं. मिटली की गरम राहतं.

"ताकद वाढवायची तर आधी फेरे वाढवायचे, मग ताकद. कमी करताना उलट. आधी ताकद, मग फेरे. नाहीतर त्याच्या छातीवर भार येतो."

"आणि झडप?"

"झडप जपून."

झडपेनंच घोटाळा केला. चढण चालू असताना पाण्याचा काटा वर सरकू लागला. सासूबाईंनी तो वेळेवर पाहिला, वेळेवर तरफ धरली आणि पूर्ण आत्मविश्वासानं उलट्या बाजूला ओढली. झडप गच्च मिटली. पाणी उकळलं. काचेवर पांढरी वाफ आली, सुनेनं ताकद झटकन कमी केली, विमान वळवलं, आणि खडखडणारं इंजिन घेऊन कशीबशी धावपट्टी गाठली. पडद्यावर अहवाल आला. कोऱ्या करकरीत इंजिनाची निम्मी तब्येत एका दुपारीच खलास झाली होती.

सासूबाईंनी तरफेवरचा हात काढून घेतला.

"काही हरकत नाही, आई," सून म्हणाली. अगदी गोड आवाजात. मग तिनं एकेक खटका बंद केला, खुर्ची नीट सरळ केली, आणि "तुम्हाला चहा ठेवू का?" असं विचारून दाराकडे निघाली.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "इकडे ये. तुला राग आलाय."

"नाही हो. तुम्ही मदतच करत होता."

"मी एक्सचेंजमध्ये लोकांचे आवाज ऐकण्यात जन्म घालवलाय. नवरा-बायको, सावकार-कुळं, सगळे. तुझं 'काही हरकत नाही' कसलं आहे ते मला कळतं. बोल काय ते. पोटात ठेवून चहा करशील, तर तो चहा माझ्या घशाखाली उतरायचा नाही."

सून दारात तशीच उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"तुम्ही विचारायचं होतंत!" ती एकदम म्हणाली. "कुठल्या बाजूला ओढायची हे एकदा विचारायचं! मी शेजारी बसलेय, दोन शब्द बोलायला काय होत होतं? नेहमी असंच करता तुम्ही. दिवाणखान्याच्या पडद्यांचंही तसंच. तुम्हाला हिरवे हवे होते ना? मग हिरवे म्हणायचं! मी वर्षभर अंदाज बांधत बसले."

सासूबाई थक्क होऊन ऐकत राहिल्या.

"मला निळे हवे होते," त्या म्हणाल्या. "हिरवे तुला हवेत असं वाटलं मला."

"मला हिरवा रंग डोळ्यासमोर नको असतो!"

 सासूबाईंना आधी हसू फुटलं, मग सुनेला. सून हसता हसता खाटेवर येऊन बसली आणि चष्मा काढून डोळे पुसायला लागली.

"आणि तूही," सासूबाई म्हणाल्या, "'झडप जपून' एवढंच सांगितलंस. जपून म्हणजे काय? पुढे ढकलायची का मागे ओढायची, हे सांगायला तोंड दुखत होतं का?"

"चुकलं माझं."

"चुकलंच."

त्या दिवशी चहा सासूबाईंनी काठी टेकत टेकत स्वतः केला. घरातला तो पहिला चहा होता ज्यात सुनेनं "साखर जास्त झालीय" असं तोंडावर सांगितलं.

सोमवारपासून सासूबाईंनी अभ्यासाला सुरुवात केली. सरावासाठी वेगळं विमान मिळायचं, त्यातलं इंजिन कितीही जाळलं तरी हिशोबात धरत नसत. सून दुकानात गेली की त्या ते चालू करायच्या आणि धावपट्टीच्या कडेला उभ्या उभ्याच इंजिनाशी खेळत बसायच्या. तेल गार असताना ताकद दिली तर काय होतं? दाबाचा काटा टोकाला जातो आणि आतून कण्हल्यासारखा आवाज येतो. जमिनीवर फार वेळ नुसतंच घुरघुरत ठेवलं तर? वारा नसतो, पाणी तापत जातं. वरून खाली झेप घेताना झडप उघडी राहिली तर? इंजिन गारठतं, आणि परत ताकद मागितली की खोकतं. ते खोकणं ऐकायला म्हणून त्यांनी ते विमान मुद्दाम कितीदा तरी वर नेलं आणि प्रत्येक वेळी उतरवताना शेतात घातलं. उडवणं त्यांना काही जमेना. त्यांना त्याचं वाईटही वाटेना. इंजिन मात्र त्यांच्या हाताखाली हळूहळू बोलायला लागलं.

अशाच एका सकाळी गुडघ्याचा व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई आल्या. दार उघडंच होतं. बघतात तर पेशंट विमानात.

"हे काय चाललंय?" त्या म्हणाल्या. "आणि तो पाय कशाला दाबताय त्या पेडलवर?"

"वळायला," सासूबाई म्हणाल्या. "न दाबून कसं चालेल? विमान डावीकडे पळतंय."

व्यायामवाल्या बाईंनी खाली वाकून पाहिलं. पाय पुढे जात होता, मागे येत होता, गुडघा हवा तेवढा वाकत होता. हाच व्यायाम करून घ्यायला आजवर त्यांच्या नाकी नऊ आले होते.

"दुखतंय का?"

"दुखतंय की. पण सोडला तर विमान पडेल."

"मग करा," बाई हताशपणे म्हणाल्या. "मी रबरी पट्टी घेऊन एवढी माथेफोड करत होते."

तेव्हापासून रविवारी दोघी शेजारी शेजारी बसू लागल्या. सुनेकडे काठी आणि पेडल, सासूबाईंकडे तिन्ही तरफा. सुरुवातीला दोघींचं पावलोपावली वाजायचं. "ताकद!" "देते, आधी फेरे." "लवकर!" "लवकर म्हटलं की लवकर होतं का? तेल अजून कोमट आहे." पण आता वाजायचं ते मोकळेपणानं वाजायचं, आणि विमान उतरलं की संपायचं.

एका गोष्टीचा मात्र सुनेनं विचारच केला नव्हता. गटाशी बोलायचा माईक आता खोलीतलं सगळं ऐकत होता, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

"तुमच्याकडे कुणी मेकॅनिक ठेवलाय का?" एके दिवशी गटाच्या म्होरक्यानं विचारलं. त्याला सगळे मास्तर म्हणायचे, कारण तो भूगोल शिकवायचा आणि नकाशाशिवाय बोलायचा नाही.

"माझ्या सासूबाई आहेत," सून ओशाळून म्हणाली.

 मग मास्तर म्हणाले, "त्यांना माझा नमस्कार सांगा. आणि मघाशी त्या 'आता नाक खाली कर, जरा वारा लागू दे त्याला' म्हणाल्या ना, तेव्हा मीही केलं. माझाही काटा खाली आला."

हंगामाचं शेवटचं उड्डाण मोठं होतं. एक मालवाहू विमान समुद्रापलीकडच्या बेटावर पोचवायचं, त्याचं रक्षण करत जायचं आणि सगळ्यांनी परत यायचं. सुनेच्या इंजिनाची अवस्था तोवर यथातथाच होती. सासूबाईंनी जपून जपून वापरलं होतं, पण पहिल्या दिवशी उकळलेलं ते उकळलेलंच.

"तुम्ही या वेळी नाही आलात तरी चालेल," मास्तर म्हणाले. "इंजिन शिल्लक राहील. हंगाम पुरा केल्याचं नाव लागेल."

सुनेनं सासूबाईंकडे पाहिलं. पूर्वी असती तर "तुम्हाला काय वाटतं?" म्हणाली असती.

"मला जायचंय," ती म्हणाली.

"मग जायचं," सासूबाई म्हणाल्या. "पण मी सांगेन तसं चढायचं. घाई केलीस तर मी माझ्या खाटेवर जाऊन पडेन."

त्या दिवशी उड्डाणाआधी सासूबाईंनी तेल नीट गरम होऊ दिलं, मगच धावपट्टीवर जाऊ दिलं. बाकीचे कधीच वर गेले होते. चढतानाही त्यांनी विमानाला घाट चढणाऱ्या गाडीसारखं हळूहळू, लांबलचक वळणं घेत वर नेलं. पाण्याचा काटा त्यांच्या मनाजोगत्या जागी येऊन बसला. समुद्रावर पोचेपर्यंत बाकीची विमानं पुढे ठिपक्यांएवढी झाली होती.

"आपण पोचेपर्यंत लढाई संपेल," सून म्हणाली.

"संपू दे. आपण पोचू तर."

लढाई संपली नव्हती. बेट दिसायला लागलं तेव्हा शत्रूची विमानं मालवाहूच्या मागे लागलेली होती. मास्तर एकाशी झुंजत होते, आणि गटातला बुलेट नावाचा गडी दोघांच्या तावडीत सापडला होता. त्याच्या आवाजावरून सासूबाईंना तो आधी कुणी कॉलेजातला पोरगा वाटला होता. प्रत्यक्षात तो बँकेत कारकून होता आणि त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, हे सुनेनं नंतर सांगितलं होतं.

"कुणीतरी या! माझ्या मागे आहेत!"

"आई, जादा ताकद," सून म्हणाली. "खाचेपलीकडे."

 तेलाचा दाब आधीच थोडा कमी होता. त्यांनी सुनेकडे पाहिलं. तिची नजर पडद्यावर खिळली होती.

"देते. पण मी 'पुरे' म्हटलं की पुरे."

"कबूल."

त्यांनी आधी फेरे वाढवले, मग तरफ खाचेपलीकडे ढकलली. इंजिन गर्जलं. विमान खाली झेपावलं. सुनेनं एकाला नेमकं गाठलं, त्याच्या पंखातून धूर निघाला आणि दुसरा भिऊन वळला. काटा वर, वर, लाल रेघेकडे.

"पुरे!"

"अजून थोडंसं, तो समोरच आहे—"

"पुरे म्हणजे पुरे!" आणि सासूबाईंनी तरफ मागे ओढली. समोरचा शत्रू निसटून गेला. सुनेनं ओठ चावला आणि विमान सरळ केलं. काटा लाल रेघेला स्पर्श करून थांबला आणि हळूच मागे फिरला.

"निसटला," थोड्या वेळानं सून म्हणाली.

"निसटला. शिव्या उतरल्यावर घाल."

तेवढ्यात बुलेटचा आवाज आला. त्याला कुणी मारलं नव्हतं, पण पळता पळता त्यानं सगळी ताकद लावली होती आणि आता त्याच्या काचेवर वाफ दिसत होती. "गेलं माझं! उडी मारतो!"

सासूबाई माईककडे झुकल्या. कितीतरी वर्षांनी त्यांच्या तोंडून तोच जुना आवाज निघाला. शांत, सपाट, पलीकडच्या माणसाला लाईन तुटणार नाही असा भरवसा देणारा.

"लाईनवर राहा. उडी मारायची नाही. मी सांगते तसं करा. नाक थोडं खाली घ्या. घेतलं? आता झडप पूर्ण उघडा. आता ताकद कमी. आणखी कमी. आता फेरे कमी. पाण्याचा काटा कुठे आहे, वाचून दाखवा मला."

बुलेटनं वाचून दाखवला.

"ठीक. त्याच्याकडे बघत बसू नका. मी विचारेन तेव्हाच सांगा."

दोन विमानं समुद्रावरून शेजारी शेजारी परत निघाली. मालवाहू बेटावर उतरल्याचं मास्तरांनी कळवलं; त्यात या दोघींचा फारसा हात नव्हता, आणि आपला हात होता असं त्यांनी कधी सांगितलंही नाही. सासूबाई अधूनमधून बुलेटला काटा विचारत होत्या आणि तो आज्ञाधारकपणे वाचत होता. एकदा त्याचं इंजिन फार गारठलं. सासूबाईंनी झडप थोडी मिटायला सांगितली, तसं ते दोनदा खोकून सुरळीत झालं.

किनारा दिसला आणि त्यांच्याच इंजिनातली शीळ परत आली.

"तेलाचा दाब पडतोय," सासूबाई म्हणाल्या.

"मग आत्ताच उंची घेऊन ठेवते. बंद पडलं तर तरंगत तरी जाता येईल."

"चढवलंस तर इथेच बंद पडेल. हा एवढाच श्वास आहे त्याच्यात. आहे त्या उंचीवर सरळ चल."

सुनेला ते पटलं नाही. तिच्या खांद्यांवरून दिसत होतं. पण तिनं काठी सरळ धरली. सासूबाईंनी ताकद इतकी कमी केली की पंख्याची पाती जवळजवळ मोजता आली असती. किनारा, मग शेतं, मग झाडांची रांग, आणि तिच्यापलीकडे धावपट्टी. सून आता काही विचारत नव्हती, फक्त म्हणाली, "चाकं काढतेय."

"काढ. ताकद सोडत नाही अजून, एकदम सोडली तर रुसेल."

चाकं टेकली, एकदा उसळली, परत टेकली. दाबाचा काटा जवळपास तळाला गेला होता.

"इथेच बंद करते," सासूबाई म्हणाल्या. "बाजूला न्यायचं नाही."

"धावपट्टीच्या मधोमध? मागून मास्तर येतायत!"

"येऊ देत. घिरटी घालतील एक."

आणि त्यांनी स्वतःच्या हातानं इंजिन बंद केलं. पंखा दोनतीनदा डुलून थांबला. वरून मास्तरांची कुरकुर ऐकू आली, "बाईसाहेब, हा रस्ता तुमच्या एकटीचा आहे का?" आणि पाठोपाठ बुलेट धावपट्टीशेजारच्या गवतावर सुखरूप उतरून एकसारखा आभार मानायला लागला. आजी, आजी, म्हणून त्यानं सासूबाईंना हैराण केलं. त्याची मुलगी लग्नाची झालेली असताना आपण त्याची आजी कशा, हे विचारायचा सासूबाईंना मोह झाला, पण त्यांनी सोडून दिलं.

अहवालात इंजिनाच्या नावापुढे "अत्यंत झिजलेले" असं आलं. त्याखाली "चालू". सुनेनं तो शब्द दोनदा मोठ्यानं वाचला. मग खुर्चीतून उठून तिनं सासूबाईंना घट्ट मिठी मारली. एवढ्या वर्षांत असं काही झालं नव्हतं, त्यामुळे हात कुठे ठेवायचे हे दोघींनाही नीट कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी जिना चढायला परवानगी दिली. मुलगा गादीची वळकटी करायला खाली आला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "राहू दे की खाट इथेच. मला इथे सवय झालीय."

मुलगा बायकोकडे बघायला लागला. बायको नेहमीप्रमाणे "तुम्हाला जसं बरं वाटेल" म्हणणार, हे तो धरूनच चालला होता.

"नाही, आई," सून म्हणाली. "तुम्ही वर जा. तुम्ही इथे झोपता, मग मला आठवडाभर संध्याकाळी सराव करता येत नाही. आणि तुम्ही घोरता."

मुलाच्या हातातली वळकटी अर्धवट सुटली.

सासूबाईंना मात्र एकदम बरं वाटलं.  "घोरते मी? कधीपासून?"

"खाली आल्यापासून."

"मग सांगायचं नाही का इतके दिवस!"

"आता सांगितलं ना."

सासूबाई उठल्या. जिन्याचा कठडा धरून, एक पाय वर, मग दुसरा, अशा चढायला लागल्या. मागोमाग सून उशा घेऊन चढत होती, पडल्या तर धरता यावं म्हणून एक पायरी राखून.

"मास्तर म्हणत होते," सून म्हणाली, "पुढच्या हंगामात गटानं दोन इंजिनांची विमानं घ्यायची."

सासूबाई मधल्या पायरीवर थांबल्या. दम लागला होता म्हणून, की विचार करायला, ते सांगता आलं नसतं.

"दोन?" त्या म्हणाल्या. "म्हणजे तरफा सहा होतील. पेटी मोठी करावी लागेल."

"या शनिवारी करू."

"आणि डावं इंजिन माझं."

"उजवंही तुमचंच," सून म्हणाली. "मला कुठे वेळ असतो?"

खालून मुलगा ओरडला, की गादी हातात घेऊन तो केव्हाचा उभा आहे, आणि त्या दोघींपैकी कुणीतरी पुढे सरकेल का.